डोळे बांधून तूर

मी बालवाडीची बाई व्हावं असं आमच्या घरात कोणाच्याच मनात नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर लग्न जमेपर्यंत पोरीने घरी बसून काय करायचं, म्हणून मला अमरावतीला बालशिक्षणाच्या वर्गाला घातलं. बाबांची समजूत अशी की तिथे तान्ह्या बाळाला न्हाऊ-माखू घालायला आणि झबली शिवायला शिकवत असतील, आणि ते पुढेमागे उपयोगी पडेल. मी शिकून आले ते भलतंच. मुलाच्या हातात पाटी देण्याआधी त्या हाताला जाग आणा, त्याला माती, वाळू, पाणी, धान्य चाचपू द्या, वास घेऊ द्या, डोळे मिटून ओळखू द्या, असं तिथे सांगत. मी घरी येऊन हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आंधळी कोशिंबीर. तिच्यासाठी एवढी फी?"

त्याच सुमाराला दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या पुढे एका गावात बालवाडी निघायची होती. आमचा विदर्भ नुकताच मुंबई राज्यात सामील झाला होता आणि गावोगावी काही ना काही निघत होतं, कुठे वाचनालय, कुठे बायकांसाठी शिवणाचं यंत्र. मी घरात न विचारता अर्ज केला आणि नेमणूक झाली. बाबा यवतमाळच्या कचेरीत कारकून होते. आवाज न चढवता रागावणं ही त्यांची खासियत होती. ते आईकडे बघून म्हणाले, "हा हट्ट हिच्या आजोळचा."

आमच्या घरात अशी वाटणीच झालेली होती. माझं अक्षर चांगलं, ते बाबांच्या घराण्याचं. मी उलटून बोलते, मोठ्याने हसते, ठरवलं की ऐकत नाही, हे सगळं आजोळचं. आई बिचारी माहेरच्या वतीने गप्प बसायची.

शेवटी बाबांनी अट घातली. होळीपर्यंत वर्ग मुलांनी भरला तर राहा. नाही भरला तर ते स्वतः येतील, माझी वळकटी बांधतील आणि वैशाखात लग्न उरकतील. मी कबूल केलं. मला लग्नाचं काही वावडं नव्हतं. पण मला काहीतरी येतं हे एकदा तरी कोणाला दाखवावं असं फार वाटत होतं, आणि जे येत होतं ते स्वयंपाकघरात दाखवण्यासारखं नव्हतं. माझी पोळी आजही नकाशासारखी होते.

बालवाडीला खोली मिळाली ती गावातल्या एका मोठ्या कास्तकाराच्या घरची, पूर्वी कापूस भरून ठेवायची. मधे पोत्यांचा पडदा टाकलेला. पडद्याच्या अलीकडे वर्ग, पलीकडे मी, माझी ट्रंक आणि स्टोव्ह. कास्तकाराची बायको ही माझी घरमालकीण. उंचीने बेताची, पण आवाज असा की ती अंगणातून बोलली तर पाणवठ्यावर कळायचं. खोली तिने दिलेली, त्यामुळे वर्गात ती केव्हाही यायची आणि दारात उभी राहून मत द्यायची.

वर्गासाठी लाकडी दट्टे, रंगीत पट्ट्या आणि खरखरीत-गुळगुळीत फळ्यांची एक पेटी यायची होती. ती कुठे अडकली कोण जाणे. मी वाट बघायचं सोडलं आणि गावात जे होतं ते गोळा केलं. नाल्यातली वाळू, सरकी, कापसाचे बोळे, ज्वारीचे धांडे, लिंबोळ्या. पहिल्याच दिवशी मी काळी माती भिजवून मुलांपुढे ठेवली. आमच्याकडची काळी माती भिजली की तिच्याशी नातंच जुळतं, ती सोडत नाही. मुलं कोपरापर्यंत रंगली, एकाने दुसऱ्याला लिंपलं, आणि दुपारी आपापल्या आईला ओळखू येणार नाहीत अशा अवतारात घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण दारात उभी. "बाई, माती खेळायले पोट्टे तुमच्यापाशी कायले पाठवायचे? आमच्या आंगणातली माती सरली काय?"

मी तिला समजावलं की माती हाताळून मुलांच्या बोटांना जाण येते.

"बोटायले जाण येते अन् संगं खरूज बी येते," ती म्हणाली. "पाटी काहून नाही देत तुम्ही?"

गावाला हा प्रश्न पटला. मुलं गळत गेली. उरली तीन. एक घरमालकिणीचा नातू, कारण तो त्याच घरात राहायचा आणि जायला दुसरी जागा नव्हती. दुसरी पिंजाऱ्याची मुलगी. तिच्या घरी दिवसभर कापूस पिंजला जायचा, रुई उडायची, पोरगी खोकायची, म्हणून आई तिला सकाळीच माझ्याकडे ढकलायची. तिसरा लमाणांच्या तांड्यावरचा मुलगा. त्याची आई, तो तिला याडी म्हणायचा, शेतावर जाताना त्याला दारात सोडायची आणि येताना न्यायची. ती माझ्याशी कधी बोलली नाही. नुसती हसायची, हातातल्या पांढऱ्या बांगड्या वाजवत.

या तिघांना घेऊन मी माझं सगळं शिक्षण पणाला लावलं. पिशवीत हात घालून वस्तू ओळखायची. डोळे मिटून वास ओळखायचा. मुलांचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे 'हात कोणाचा'. एकाचे डोळे बांधायचे, दुसऱ्याने हात पुढे करायचा आणि पहिल्याने तो चाचपून कोणाचा ते सांगायचं. मला ते झटकन ओळखत, कारण माझ्या तळहातांना कायम घाम. थंडीतही. खडू माझ्या हातात मऊ पडायचा. मुलं माझा हात धरायची, "बाई!" म्हणून ओरडायची आणि लगेच आपला हात चड्डीला पुसायची. मला थोडी लाज वाटायची, पण खेळ म्हटला की चालायचंच.

तरी तीन मुलांनी वर्ग भरत नाही. संक्रांत जवळ आली होती आणि मी रात्री झोपताना वळकटीकडे बघायचे. ती बांधली जायला आता थोडेच दिवस उरले होते.

मग तूर आली.

झालं असं की मी एक दिवस माझ्याच डब्यातली तूर, मूग आणि ज्वारी एकत्र कालवली आणि मुलांना वेगवेगळी करायला सांगितली. बोटांच्या चिमटीला वळण लागावं म्हणून हा चांगला खेळ असतो. तिघं तल्लीन झाली. खडे निघाले तेही त्यांनी बाजूला काढले. घरमालकीण दारातून बघत होती, पण त्या दिवशी तिने मत दिलं नाही. मला वाटलं, पटलं वाटतं.

पटलं होतंच. दुसऱ्या दिवशी नातू आला तो काखेत पुरचुंडी घेऊन. "आजीनं देल्ली. निवडून पाठवा म्हणे."

मी चिडले. पुरचुंडी परत पाठवणार होते. पण तोवर नातवाने ती सोडली होती आणि तिघंही तिच्यावर तुटून पडली होती. दुपारी तूर खड्याविना घरी गेली. घरमालकिणीने हे पाणवठ्यावर चारचौघींना सांगितलं असणार, आणि तिचं सांगणं म्हणजे दवंडीच. त्या आठवड्यात माझ्या वर्गात मुलांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात एक पुरचुंडी. हिवाळ्यात नवी तूर घरात येते, ती भरडायच्या आधी निवडावी लागते, आणि त्या कामाचा बायकांना मनस्वी कंटाळा. त्यांच्या मते सरकारने यासाठीच बाई पाठवली होती. इतक्या दिवसांनी बालवाडी म्हणजे काय ते गावाला कळलं होतं.

मग तुरीवर थांबेना. एकीने गुंता झालेली सुतळी पाठवली. एकीने सरकी काढायला कापूस. एकीने भुईमुगाच्या शेंगा फोडायला दिल्या, त्या आल्या तेवढ्या परत गेल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पोट धरून घरी. एकीने तर तान्हं मूलच आणून ठेवलं. "हे बी खेळवा जरा, बजार करून येतो," म्हणाली.

मी रोज ठरवायचे की आज सगळ्यांना खडसावायचं. आम्हाला शिकवलं होतं की मूल स्वतःच्या आनंदासाठी काम करतं, दुसऱ्याच्या सोयीसाठी नाही. हे मी घरमालकिणीला ऐकवलं. ती म्हणाली, "मंग करू द्या न आनंदानं. आम्ही कुठी रडत करा म्हटलं?" यावर अमरावतीला काही शिकवलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर वर्ग भरला होता. होळीला मला कोणी नेऊ शकणार नव्हतं. म्हणून मी खडसावणं उद्यावर ढकलत राहिले.

बाबांचं येणं मात्र होळीवर थांबलं नाही. आमच्या गावचा एक माणूस शेताच्या कज्ज्यासाठी यवतमाळच्या कचेरीत जायचा. त्याने भर कचेरीत, साहेबांसमोर बाबांना सांगितलं, "तुमची पोरगी लय गुणाची हाये हो! साऱ्या गावच्या बायायची तूर निवडून देते!" त्या माणसाने ते मनापासून कौतुकाने सांगितलं होतं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी रजा काढली.

तो बाजाराचा दिवस होता. मी त्या सकाळी एक नवा बेत केला होता. तूर येतेच आहे तर तिच्यातून निदान एक चांगला धडा तरी काढावा. सगळ्या पुरचुंड्या सोडून तूर पळसाच्या द्रोणांत ओतली आणि पुरचुंड्यांची फडकी एका ढिगात टाकली. त्यात काय नव्हतं? मांजरपाट, धोतराचा तुकडा, जुन्या लुगड्याचा काठ, तांड्यावरचं टाक्यांनी भरलेलं जाडं कापड. डोळे मिटून सारख्या कापडांच्या जोड्या लावायच्या, असा खेळ. मुलं रंगून गेली. मीही इतकी रंगले की कुठला द्रोण कोणाचा याची खूण ठेवायला विसरले. हे माझ्या ध्यानात यायच्या आधीच बोरीहून आलेली बैलगाडी दाराशी थांबली आणि बाबा उतरले.

त्यांनी उंबऱ्यातूनच वर्ग बघितला. ओळीने द्रोण, द्रोणांत तूर, खडे वेगळे काढलेले.

"मोलकरीण व्हायला अमरावतीला पाठवलं होतं तुला?"

"मी नाही निवडत बाबा. मुलं निवडतात."

"म्हणजे तू मुकादम," ते म्हणाले. "छान. प्रगती आहे."

मला रडू यायला लागलं होतं, रागाने. वर्ग भरलाय, तुमची अट पुरी झालीय, असं मी म्हणाले. त्यांनी शांतपणे सांगितलं की अट शाळेची होती, ही शाळा नाही. मुलं इथे तुरीसाठी येतात, माझ्यासाठी नाही. तूर संपली की मुलं संपली. हे मला लागलं, कारण रोज रात्री मलाही तेच वाटायचं. बाबा पडद्यामागे गेले आणि माझी वळकटी बांधायला लागले. सुतळी त्यांच्या हातातून सारखी निसटत होती. ते मधेच थांबायचे, खिशातून रुमाल काढायचे, हात पुसायचे आणि परत बांधायचे. कचेरीतही लिहिताना हाताखाली रुमाल घेतल्याशिवाय त्यांचं पान कोरडं राहत नसे.

मी पडदा धरून उभी, आणि तेवढ्यात गलका झाला.

बाजार लवकर उरकून बाया आपापली तूर न्यायला आल्या होत्या. बघतात तो फडकी ढिगात आणि तूर द्रोणांत. मग एकदम सगळ्यांना दिसलं की एका द्रोणात तूर फार सुरेख आहे. टपोरी, तांबूस, एकसारखी. दुसऱ्या क्षणी ती तूर सगळ्यांचीच झाली.

"हे माही तूर हाये," घरमालकीण म्हणाली आणि द्रोणावर हात ठेवला.

"तुमची कुठची हो? माह्या वावरातली हाये, दाणा पाहा!"

"तुह्या वावरात असा दाणा पिकते काय कधी?"

मागे दाराशी तांड्यावरची याडी उभी होती. ती त्या द्रोणाकडे बघत होती, पण पुढे आली नाही. त्या दिवशी ती हसतही नव्हती. पिंजाऱ्याची बायको म्हणत होती, "अरे भई, एक एक करके देखो ना," पण तिचं कोण ऐकणार. बालवाडीचा बाजार झाला. आणि हे सगळं बाबा पडद्याआडून ऐकत होते.

मग माझं आजोळ जागं झालं. मी टेबलावर पट्टी आपटली. "गप्प बसा सगळ्या! भिंतीला लागून बसा!" बाया इतक्या चकित झाल्या की खरंच बसल्या. घरमालकीणही. मी मुलांना म्हटलं, "आज नवा खेळ. आपल्या घरची तूर कोणती?" आणि त्याच ढिगातली फडकी घेऊन एकेकाचे डोळे बांधले. हे जमेल की नाही मला अजिबात माहीत नव्हतं. नाही जमलं तर जायचंच होतं, वळकटी बांधून तयारच होती.

पहिला घरमालकिणीचा नातू. मी त्याचा हात त्या सुरेख तुरीत घातला. त्याने मूठ भरली, दाणे बोटांतून सोडले, नाकाशी नेले. "हे नाही आपली."

"अरे नीट पाह्य!" आजी भिंतीजवळून ओरडली.

तो एकेका द्रोणात हात घालत पुढे सरकला. चौथ्या-पाचव्या द्रोणाशी त्याचा चेहरा खुलला. "हे आपली! हिच्यात भोकं हायेत. अन् किडे बी वळवळते!" आणि आपलं माणूस ओळखल्याच्या आनंदाने म्हणाला, "आजी, हे गेल्या सालची हाये न?"

बाया पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. घरमालकीण छताकडे बघत राहिली.

पिंजाऱ्याच्या मुलीने पहिल्याच फेरीत आपला द्रोण धरला. तिच्या तुरीत रुईचे तंतू होते, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ती म्हणाली, "ये उडती है," आणि दोनदा शिंकली. तिचे डोळे मी तसेच बांधलेले ठेवले, कारण पुढचा मुलगा उभा होता. एकीच्या तुरीला कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता, तो तिच्या पोराने दुरूनच घेतला. एकीच्या तुरीला तेलाचा हात लागलेला होता, तिचा पोरगा बोटं चाटून खात्री करत होता. आणि तांड्यावरच्या मुलाने त्या सुरेख तुरीत हात घातला, अंगठा बोटावर घासला आणि ओरडला, "याडी, ई आपणी छ!" तांड्यावर तूर राखेत घोळून ठेवायचे. राख पाखडून गेली तरी बोटाला तिचा मऊपणा लागत होता. मी स्वतः हात घालून बघितलं आणि मलाही लागला. याडी पुढे आली, द्रोण उचलला, आणि मग मात्र बांगड्या वाजवत हसली.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण पडद्यापाशी बाबा उभे होते.

"पढवलेलं आहे," ते म्हणाले. बायांनी चटकन पदर सावरले. "आणि फडकी सैल आहेत. पोरांना खालून दिसतंय."

ते पुढे आले. समोर पिंजाऱ्याची मुलगी डोळे बांधून बसलेली, तिला बाबा जवळ आल्याचं माहीतच नव्हतं. फडकं घट्ट आहे का बघायला ते वाकले आणि त्यांचा हात तिच्या कानाला लागला. तिला वाटलं, खेळ. 'हात कोणाचा' सुरू झाला. तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून खाली ओढला, तळवा चाचपला आणि लगेच ओरडली, "बाई!"

आणि सवयीप्रमाणे आपला हात परकराला पुसला.

मुलं खिदळली. पण तिला काहीतरी खटकलं असावं. तिने परत हात धरला. बोटांचे सांधे चाचपले, मनगटावरचे केस चाचपले. तिचा चेहरा फार काळजीचा झाला.

"मगर बाई बुढ्ढी हो गई," ती म्हणाली.

सगळा वर्ग, सगळ्या बाया, दारातला गाडीवान, सगळे हसले. घरमालकीण तर डोळे पुसत होती, तुरीची गोष्ट मागे पडल्याचा आनंदही त्यात असेल. बाबा मात्र तसेच वाकलेले, हात त्या मुलीच्या हातांत. त्यांनी आपल्या तळव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी हात पदराआड घेतले, पण आता काय उपयोग.

बाया तूर घेऊन गेल्या. मी पडद्यामागे गेले तर बाबा खाली बसून वळकटीच्या गाठी सोडत होते. ओल्या हातांनी मारलेल्या गाठी, काही केल्या सुटेनात. मीही बसले. मी एका टोकाला, ते दुसऱ्या, आणि दोघांच्याही हातांतून सुतळी निसटत होती. एकदा आमची बोटं एकमेकांना लागली. त्यांनी गाठीवरची नजर काढली नाही. मला मात्र इतकं भरून आलं होतं की मी गाठ सोडायची ती आणखी घट्ट केली.

"ते दुरून कडुनिंब ओळखणारं पोरगं," ते म्हणाले, "ते उद्या तूर नसली तरी येईल का?"

"माहीत नाही."

"येईल," ते म्हणाले.

संध्याकाळी ते गाडीत चढले. चाक हलायच्या आधी मी विचारलं, आईला काय सांगाल. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, आणि परत खिशात न ठेवता माझ्या हातात दिला.

"ठेव, तुला लागेल," ते म्हणाले. "आणि तुझ्या आईला सांगतो की हट्ट आजोळचा नव्हे म्हणून."